वारा उत्तरेचा, भाव साऱ्या देशाचा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून २७ किलोमीटर आत, उत्तर समुद्रात, सीग्रीन हा पवनऊर्जा प्रकल्प उभा आहे. ११४ टर्बाइन, १०७५ मेगावॉट क्षमता. म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहून थोडी जास्त. वारा सुसाट सुटलेला असतो आणि नेमक्या अशाच वेळी शेकडो किलोमीटरवरून निरोप येतो: वीज कमी करा. मग टर्बाइनचे प्रत्येक पाते आपल्याच बुंध्याभोवती सावकाश वळते. इतका वेळ रुंद अंगावर वारा झेलणारे पाते आता धारेने वाऱ्यासमोर उभे राहते आणि वारा दोन्ही बाजूंनी निसटून जातो. शीड सैल सोडले की होडी मंदावते, तसे ते अवाढव्य चक्र मंदावते. यंत्रात बिघाड नसतो. विजेला गिऱ्हाईकही असते. नसते ती फक्त वाट.

निरोप येतो तो इंग्लंडच्या दक्षिणेतल्या वोकिंगहॅम गावातून. ग्रेट ब्रिटनची वीजयंत्रणा क्षणोक्षणी तोलून धरणारे नियंत्रण केंद्र तिथे आहे. ते चालवणारी ‘नेसो’ ही संस्था ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी मालकीची आहे. निर्मिती आणि वापर यांचा तोल गेला की ५० हर्ट्झची वारंवारता ढळते, हे सगळीकडचेच. ब्रिटनची खरी अडचण वेगळी आहे. तिथला वारा उत्तरेला आणि माणसे दक्षिणेला. मधल्या पारेषण वाहिन्या ठरावीक प्रवाहच वाहू शकतात. त्यापलीकडे तारा तापतात, लांबतात, खाली झोळ देतात. शिवाय वीज आपण सांगू त्या तारेने जात नाही. ती सगळ्या समांतर वाटांनी, ज्या वाटेचा अडथळा कमी तिथून जास्त, अशी एकदम वाहते. त्यामुळे एक वाहिनी अचानक तुटली तर बाकीच्यांवर किती भार येईल, हा हिशेब आधीच करून जागा मोकळी ठेवावी लागते. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या या अरुंद जागेला अभियंते ‘बी ६’ सीमा म्हणतात. तिच्यातून साधारण तीन कोयनांएवढी वीज जाऊ शकते.

विजेच्या बाजाराला मात्र ही सीमा दिसतच नाही.

ब्रिटनमध्ये घाऊक वीज अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विकली जाते. दिवसाचे ४८ तुकडे. प्रत्येक तुकड्याला स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स मिळून एकच भाव. एप्रिल २००५ मध्ये स्कॉटलंड या सामाईक बाजारात आला, तेव्हापासून ही रीत आहे. गरज भागवायला जे शेवटचे, सर्वांत महागडे केंद्र चालवावे लागते, त्याच्या खर्चावर भाव ठरतो आणि ते केंद्र बहुतेक वेळा गॅसचे असते.

एक कल्पित अर्धा तास घेऊ. आकडे समजण्यापुरते. रात्रीचे तीन वाजलेत, वादळी वारा आहे. स्कॉटलंडमध्ये १२ गिगावॉट वीज तयार होते आहे. तिथली गरज ४ आणि सीमेपलीकडे जाऊ शकतात ६. बाजाराच्या लेखी सगळा देश एकच, मध्ये कुठेही अडथळा नसलेला, म्हणून उरलेले ८ गिगावॉट इंग्लंडच्या गिऱ्हाइकांना विकून मोकळे. सौदे बंद झाल्यावर वोकिंगहॅमच्या पडद्यावर दिसते की २ गिगावॉट जाणारच नाहीत. मग उत्तरेकडच्या पवनचक्क्यांना थांबवायचे. त्या म्हणतात, वीज दिली नाही तर आमचे अनुदान बुडते, ते भरून द्या. आणि दक्षिणेत तेवढीच वीज गॅस जाळून उभी करायची, तीही ऐनवेळच्या दराने. बातम्यांत गाजतो तो पवनचक्क्यांना थांबण्यासाठी दिलेला पैसा, पण या खर्चातला मोठा वाटा दक्षिणेतल्या गॅसचा असतो. भरतो कोण? बिल भरणारा प्रत्येक जण.

माझ्या मते याहून गंभीर गोष्ट दिसायला बारीक आहे. समजा स्कॉटलंडमध्ये एक मोठी बॅटरी आहे. देशाचा एकच भाव चढा असेल तर ती बॅटरी साठवलेली वीज विकायला काढणार. तिचा मालक चूक करत नाही, भाव सांगतो तेच करतो. पण त्याच वेळी उत्तरेकडची वाहिनी तुंबलेली असेल, तर ही बॅटरी कोंडीत भरच घालते आणि आणखी एका पवनचक्कीला पाती वळवावी लागतात. जिने वीज शोषून घ्यायला हवी होती, तीच वीज ओतते आहे. स्कॉटलंडमधल्या क्रुआखान डोंगराच्या पोटात १९६५ पासून उदंचन केंद्र आहे, आज ४४० मेगावॉटचे, आपल्या घाटघरसारखे: वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे, महाग झाली की खाली सोडायचे. त्यालाही बाजारातून तोच भाव कळतो, जो लंडनशेजारच्या केंद्राला कळतो.

यावर उपाय म्हणून विभागवार भावाची कल्पना पुढे आली. देशाचे विभाग पाडायचे. वाहिनी मोकळी असेपर्यंत सगळीकडे एकच भाव. ती तुंबली की भाव फुटतो. आपल्या कल्पित रात्री स्कॉटलंडचा भाव शून्याजवळ येईल आणि इंग्लंडचा गॅसवर ठरेल. सीमेवरून गेलेल्या विजेवर भावातल्या फरकाएवढी रक्कम शिल्लक राहते, ती ग्राहकांकडे वळवता येते. बॅटरी आपोआप चार्ज होऊ लागेल, क्रुआखान पाणी वर चढवेल. आणि पुढचा कारखाना कुठे काढावा याचा विचार करणाऱ्याला नकाशा वेगळा दिसू लागेल.

ही नुसती कागदावरची कल्पना नाही. स्वीडनने नोव्हेंबर २०११ मध्ये देशाचे चार विभाग केले. उत्तरेत जलविद्युत भरपूर. दक्षिणेत बार्सेबेकचा अणुप्रकल्प बंद झाल्यापासून टंचाई. २०२२ च्या इंधनसंकटात दक्षिण स्वीडनचे भाव उत्तरेच्या कितीतरी पट वर गेले आणि तिथले लोक रागावले. तेही समजण्यासारखे आहे, कारण घर उचलून कोणी उत्तरेला नेत नाही.

आपल्याकडेही हे घडलेले आहे, फक्त घरच्या बिलात दिसत नाही. भारतीय वीज बाजारात देशाची १३ क्षेत्रे आहेत आणि वाहिन्या तुंबल्या की त्यांचे भाव फुटतात. दक्षिणेकडची राज्ये कित्येक वर्षे याचा चटका सोसत होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत चालू लागले. कोंडी काही त्या एका दिवसात सुटली नाही. पण दक्षिणेचा वेगळा, चढा भाव वर्षानुवर्षे एकच गोष्ट ओरडून सांगत होता: तार इथे हवी आहे. ब्रिटनच्या एकाच भावाला हे सांगता येत नाही.

लंडनच्या सरकारने २०२२ मध्ये बाजाराचा फेरविचार सुरू केला. ऑक्टोपस एनर्जी ही कंपनी विभागवार भावाच्या बाजूने जोरात उभी राहिली; स्कॉटलंडमध्येच मुळे असलेल्या एसएसई आणि स्कॉटिशपॉवर या वीज कंपन्या विरोधात. विरोधातला मुद्दा हलका नव्हता. पवनचक्की २५-३० वर्षांच्या हिशेबाने, कर्ज काढून उभी राहते. विक्रीचा भाव अनिश्चित झाला की व्याज चढते आणि तो बोजाही शेवटी ग्राहकावरच. अखेर १० जुलै २०२५ रोजी ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांच्या खात्याने विभागवार भाव नाकारला. देशभर एकच भाव राहणार; प्रकल्प कुठे व्हावेत हे नियोजनातून आणि पारेषण शुल्कात सुधारणा करून ठरवायचे.

मग स्कॉटलंडचे स्वतःचे सरकार यात कुठे आहे?

१९९८ च्या कायद्याने एडिंबराला, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीला, विधिमंडळ मिळाले, पण विजेची निर्मिती, पारेषण, पुरवठा आणि त्यांचे नियमन लंडनकडे राहिले. जमिनीवरच्या ५० मेगावॉटहून मोठ्या प्रकल्पाला परवानगी मात्र स्कॉटिश मंत्री देतात. नवा अणुप्रकल्प ते याच अधिकाराने अडवून धरतात. म्हणजे पवनचक्की कुठे उभी राहील हे एडिंबरा ठरवते आणि तिच्या विजेचा भाव कसा ठरेल हे लंडन. या दोघांच्या मध्ये स्कॉटिश मतदार उभा आहे, आणि बिलाचा जाब त्याने कोणाला विचारावा हे कोणी धड सांगत नाही.

भाव हातात नाही ही एडिंबराची तक्रार खरी आहे. पण तिच्या आडोशाला हातात असलेल्या गोष्टींचा हिशेब लपता कामा नये. जानेवारी २०२२ मध्ये ‘स्कॉटविंड’ योजनेत पवनचक्क्यांसाठी समुद्रतळाचे १७ पट्टे कंपन्यांना देण्यात आले. क्षमता सुमारे २५ गिगावॉट, रक्कम ७० कोटी पौंडांना थोडी कमी. बोलीवर कमाल मर्यादा होती, चौरस किलोमीटरला एक लाख पौंड. हा पैसा एकदाच येणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये अर्थसंकल्पातली तूट बुजवण्यासाठी त्यातले ४६ कोटी पौंडांपर्यंत वापरण्याची तयारी सरकारने दाखवली. पुढे तेवढ्याची गरज भासली नाही, पण भावी पिढीच्या ठेवीकडे हात किती सहज गेला ते दिसले.

त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये स्कॉटिश सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी सरकारी वीज कंपनीचे वचन दिले होते: २०२१ पर्यंत स्थापन करू, नफा न घेता वीज विकू. ती कंपनी झालीच नाही. आणि सीग्रीनच्या टर्बाइनखालचे पोलादी सांगाडे चीन आणि संयुक्त अरब अमिरातींतून आले. स्कॉटलंडच्याच फाइफ किनाऱ्यावरच्या मेथिलमध्ये असे सांगाडे बनवणारा कारखाना असताना. यातल्या कशासाठीही वोकिंगहॅमकडे बोट दाखवता येत नाही.

विभागवार भावाच्या वादात तर एडिंबरा दोन्हीकडून अडकलेले. भाव उतरला तर स्कॉटिश कुटुंबांचा आणि कारखान्यांचा फायदा. पण ज्या कंपन्यांनी पट्टे घेतले त्यांचे उत्पन्न घटेल आणि पुढचे प्रकल्प रेंगाळतील. दोन्ही बाजूंना सारखेच खूश ठेवता येणार नाही. सरकारने आपली बेरीज-वजाबाकी लोकांपुढे उघडपणे मांडावी, इतकी अपेक्षा रास्त आहे, निर्णय दुसऱ्याच्या हातात असला तरी.

उत्तर आयर्लंडची गोष्ट शेजारीच आहे. तिथे ऊर्जा हा विषय स्थानिक सरकारचाच. लाकडाच्या गोळ्या जाळणाऱ्या बॉयलरसाठी त्यांनी २०१२ मध्ये अनुदान सुरू केले. दर युनिटमागचे अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त होते, वापराला मर्यादा नव्हती. जितके जाळाल तितकी कमाई. खर्च हाताबाहेर गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्या वादात सरकार कोसळले. पुढे जाहीर चौकशी झाली, २०२० मध्ये अहवाल आला. चूक मोठी होती, पण जाब कोणाला विचारायचा याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या हायलँड्समध्ये अनेक गावांत गॅसची नळवाहिनीच नाही. घर ऊबदार ठेवायचे ते विजेवर, नाहीतर तेलावर. हिवाळा लांबलचक, वस्ती विरळ. ब्रिटनमध्ये घरगुती दराची कमाल मर्यादा १४ प्रदेशांसाठी वेगवेगळी ठरते, कारण वितरणाचा खर्च जागोजागी निराळा. हायलँड्समध्ये तो इतका जास्त की देशातल्या सगळ्या ग्राहकांकडून थोडे थोडे गोळा करून तिथला दर खाली ठेवला जातो. म्हणजे खांब आणि तारांच्या खर्चापुरता प्रदेश वेगळा धरलेला आहेच. वाऱ्यापुरता तेवढा देश एक.

पीटरहेडपासून यॉर्कशरमधल्या ड्रॅक्सपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची, बहुतांश समुद्राखालून जाणारी नवी वाहिनी टाकली जाते आहे. तिची क्षमता २ गिगावॉट, म्हणजे जवळपास एक कोयना, आणि पूर्ण होण्याचे ठरलेले वर्ष २०२९. आपल्या कल्पित रात्री अडकले होते तेही २ गिगावॉटच. पण ती वाहिनी सुरू होईपर्यंत उत्तर समुद्रात नव्या पवनचक्क्या उभ्या राहिलेल्या असतील.