घरची जमीन घरातच: एका जुन्या खटपटीची पार्श्वभूमी

सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. बायबलच्या 'गणना' या पुस्तकात ही गोष्ट येते. बापाच्या वाट्याची जमीन आम्हाला द्या, म्हणून त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना ती मिळालीही. पण पुस्तकाच्या शेवटी त्यांचे भाऊबंद तक्रार घेऊन येतात: या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीनही तिकडे जाणार. मग निकालाला पुस्ती जोडली जाते, लग्न आपल्याच वंशात करायचं. पाचही जणी चुलतभावांच्या घरी गेल्या.

वडिलोपार्जित मालमत्ता राखण्याच्या इतिहासात परका गिऱ्हाईक हा मुख्य शत्रू क्वचितच असतो. धास्ती असते ती घरच्यांचीच. उधळ्या वारसाची, धाकट्यांच्या वाटण्यांची, आणि सगळ्यांत जास्त मुलीच्या सासरची. प्राचीन अथेन्समध्ये तर मुलगा नसलेला बाप वारला की त्याच्या मुलीशी लग्न करण्याचा हक्कच बापाकडच्या सर्वांत जवळच्या पुरुषाला मिळे.

उधळ्या वारसाचा बंदोबस्त चिवटपणे केला तो इंग्रज जमीनदारांनी. पहिल्या एडवर्डच्या राज्यात, १२८५ साली कायदा झाला: 'अमुक आणि त्याचे औरस वारस' अशा शब्दांत दिलेली जमीन वारसांच्या हातून काढून विकता येणार नाही. पुढे वकिलांनी त्यातून काढलेली वाट मोठी गमतीची आहे. विकत घेणारा मालकावर लटका दावा लावी. मालक म्हणे, जमिनीची हमी अमक्याने दिली होती, त्याला बोलवा. हा अमका म्हणजे बहुधा कोर्टात पुकारा करणारा शिपाई. तो हजर होई, हमी कबूल करी आणि नाहीसा होई. कोर्ट जमीन दावेदाराला देई आणि वारसांना सांगे, तेवढ्याच किमतीची दुसरी जमीन तुम्हाला या शिपायाकडून येणे आहे. शिपायाकडे ढेकूळसुद्धा नाही, हे कोर्टालाही ठाऊक असे! १४७२ च्या टॅल्टरम खटल्याशी या युक्तीचं नाव जोडलं जातं. कायद्याने ती बंद झाली १८३३ मध्ये.

जमीनदारांनीही सतराव्या शतकात तोड काढली. थोरला मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप त्याला खर्चाची ठरावीक रक्कम बांधून देई. बदल्यात मुलगा नव्या दस्तावर सही करी आणि स्वतःही फक्त तहहयात उपभोगापुरता धनी होई. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. एकविशीतल्या पोराला हातखर्च दिसतो, चाळिशी दिसत नाही, यावर ही सगळी इमारत उभी होती. मेलेल्या माणसाने जिवंतांना किती काळ बांधून ठेवावं, याला न्यायालयाने मर्यादा घालायला सुरुवात केली ती १६८२ च्या नॉरफोकच्या ड्यूकच्या खटल्यापासून.

ही इंग्रजी कल्पना कलकत्त्यात प्रसन्नकुमार टागोरांनी वापरून पाहिली. मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला होता. त्याला मृत्युपत्रातून वगळून त्यांनी मिळकत पुतण्या जतींद्रमोहनला आणि त्यानंतर थोरल्या पुरुष शाखेकडे पिढ्यान्‌पिढ्या जावी अशी सोय केली. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुतण्याचा तहहयात हक्क मानला, पुढची साखळी मात्र तोडली. हिंदू कायद्याला माहीत नसलेला वारसाक्रम कुणाला स्वतःच्या मर्जीने घडवता येत नाही, असं ठरलं. आणि पुतण्यानंतरचा हक्क पोचला तो वगळलेल्या मुलाकडेच.

मुलाला असं वगळता आलं, कारण बंगालात दायभाग ही हिंदू वारसाहक्काची पद्धत चालते. तिथे बाप हयात असेतो मुलाचा हक्क उभा राहत नाही. इतरत्र बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा भागीदार असतो आणि कुटुंबाची खरी गरज दाखवल्याशिवाय बापाला ती विकता येत नाही. इंग्रजांना दस्त करून नेमावा लागलेला राखणदार इथे पाळण्यातच असतो. फक्त तो मुलगा असावा लागे.

फ्रान्सने क्रांतीनंतर उलटं टोक गाठलं. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत तीन किंवा अधिक मुलं असलेल्या बापाच्या मर्जीवर मिळकतीचा चौथा हिस्साच राहिला. बाकी साऱ्या मुलामुलींना सारखा.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाची वारस केलं, पण कलम २३ चा उंबरठा ठेवून. राहत्या घराची वाटणी भाऊ करायला निघेपर्यंत तिला ती मागता येत नसे. तिथे राहण्याचा हक्कसुद्धा अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीलाच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मतः भागीदार केलं, तेव्हाही त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ गेलं आणि लग्नाची अटही. तरी 'दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात हवा' हा वाद आणखी पंधरा वर्षं चालला; तशी गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं.