चिरलेल्याला थंडी, अख्ख्याला वारा

मुंबईत संध्याकाळी स्टेशनबाहेर पडलं की भाजीवाल्या मावशींकडे अर्धा स्वयंपाक तयारच मिळतो. निवडलेली मेथी, सोललेले मटार, सोललेला लसूण, चिरलेली फरसबी, फोडी केलेला सुरण. चार पैसे जास्त गेले तरी कुणी कुरकुरत नाही, कारण सातला घरी पोचून आठला पानं घ्यायची असतात. शिवाय सुरण दुसऱ्याने चिरला की आपले हात खाजत नाहीत, हेही आहेच! या सगळ्या पिशव्यांत चिरलेला कांदा मात्र क्वचित दिसतो. खरं तर रोज चिरावा लागतो तो तोच.

तोडलेली भाजी मेलेली नसते. तिचं श्वसन चालूच असतं. साठवलेली साखर जाळत, पाणी गमावत ती दिवस काढते. सुरी लागली की पेशी फुटतात, श्वसनाचा वेग वाढतो आणि आतली साखर-पाणी बाहेर आल्याने जिवाणूंना आयतं ताट मिळतं. बटाटा, वांगं काळं पडतं, कारण पेशीत एरवी वेगळ्या कप्प्यांत असलेली विकरं (एन्झाइम) आणि फिनॉल संयुगं एकत्र येतात आणि हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. म्हणूनच सुपरमार्केटमधली चिरलेली भाजी जंतुनाशक घातलेल्या पाण्यात धुऊन, पाणी पूर्ण निथळून, पाच अंशांच्या आसपास ठेवतात. तिची पिशवीही साधी नसते. आत ऑक्सिजन कमी राहावा, पण अगदीच संपू नये, असं तिचं प्लास्टिक निवडलेलं असतं. ऑक्सिजन संपला तर भाजी आंबूस वास मारते. स्टेशनवरच्या पिशवीला यातलं काहीच लाभत नाही, तेव्हा ती त्याच रात्री फोडणीत पडलेली बरी.

कांद्याची गोष्ट आणखी तिखट. त्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुगं एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. चिरताना दोघं भेटतात. पुढे डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करायला आणखी एक वेगळं विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. ही रसायनं चिरून झाल्यावरही बदलत राहतात, त्यामुळे सकाळी चिरलेला कांदा संध्याकाळी उग्र आणि कडवट लागतो. मोठी हॉटेलं सोललेला कांदा घेतात, पण तो थंडीतच राहिला पाहिजे. दुसरा मार्ग पाणीच काढून टाकण्याचा. गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावात कांदा सुकवून त्याचे काप नि भुकटी करतात.

चिरलेला कांदा हवेतलं विष शोषतो, अशी एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. तसं काही नसतं. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, तो दोन-तीन दिवस बिनघोर राहतो.

अख्ख्या कांद्याला नेमकं उलटं हवं असतं. कांदा म्हणजे पानांचे फुगलेले तळ आणि मधोमध दडलेला पुढच्या हंगामाचा कोंब. तो सुप्तावस्थेत असेपर्यंत कांदा टिकतो. त्याची तयारी शेतातच सुरू होते. निम्म्या पिकाच्या माना, म्हणजे कांद्यातून पात निघते ते देठ, पडल्या की काढणी जवळ आली. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. काढलेला कांदा पातीसकट चार-पाच दिवस शेतात सुकवतात, आणि तोही असा की एकाची पात दुसऱ्याच्या डोक्यावर येईल. मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि पुन्हा दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं. मान पिळवटून बंद झाली आणि वरचे पापुद्रे खडखडीत वाजू लागले की बुरशीला आत शिरायची वाट उरत नाही. युरियाचा हात सैल सुटलेल्या कांद्याची मान जाड राहते, आणि सड तिथूनच सुरू होते.

नाशिककडची कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, ही साध्या भौतिकशास्त्रावर उभी आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली फटी, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, आणि ढिगाची रुंदी साधारण चार फूट, म्हणजे वारा मध्यापर्यंत पोचतो. तरीही घट होतेच. मे महिन्यात उन्हाने वजन उतरतं, जून-जुलैत दमट हवेने सड आणि काजळी धरते, सप्टेंबरनंतर गारव्याने कोंब येतात. कांदा शून्य ते दोन अंशांवर नीट राहतो, पंचवीस ते तीस अंशांवरही राहतो. मधल्या दहा ते वीस अंशांत मात्र कोंब भराभर फुटतात. शीतगृहात ठेवलेला कांदाही बाहेर काढला की लगेच कोंब धरतो, शिवाय विजेचं बिल येतं ते वेगळंच. म्हणून उन्हाळ कांदा शेतकरी चाळीतच ठेवतो. हा माझ्या मते जुनाटपणा नव्हे, हिशेब आहे.

कोंब थांबवण्याचा आणखी एक उपाय लासलगावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प तिथे २००२ मध्ये सुरू झाला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) एवढी मात्रा दिली की कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं. कांदा किरणोत्सारी होत नाही. पण किरण सड थांबवत नाहीत, आणि मात्रा काढणीनंतर लवकर, कोंब जागा होण्याआधीच द्यावी लागते. नीट न सुकवलेल्या मालाला त्याचा उपयोग नाही.

घरातही हेच नियम लागू. प्लास्टिकच्या पिशवीतून कांदा आधी बाहेर काढा आणि जाळीच्या टोपलीत, वारा लागेल अशा जागी पसरा. धुऊन ठेवू नका. बटाट्यापासून लांब ठेवा, कारण बटाटा ओल सोडतो. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा विणून टांगतात. ही चाळच, फक्त उभी: पात सुकत राहते आणि कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो. अख्खा कांदा फ्रिजमध्ये घालायचा मोह टाळा. तिथे ओल असते, आणि भाजीच्या कप्प्याचं तापमान कोंबाच्या सोयीच्या पट्ट्याजवळ सरकतं. कोंब आलेला कांदा खायला हरकत नाही, फक्त मधला भाग कधी कडसर लागतो. वरच्या पापुद्र्यावर काळी भुकटी दिसली तर ते एक-दोन थर काढून कांदा धुऊन घ्या. बुरशी आत उतरली असेल तर फेकाच.

पोतं भरायचंच असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा घ्या, आणि घेताना एकेकाची मान अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागली तर तो कांदा त्याच आठवड्यात संपवायचा. दिवाळीनंतरचा लाल कांदा दिसायला कितीही देखणा असला, तरी त्यात पाणी जास्त आणि पापुद्रे कमी. तो पंधरा दिवसांपुरताच आणावा.