स्टीमपंक : सातारा-सांगलीच्या अंगाने

स्टीमपंक ही विज्ञानकथेतून निघालेली आणि पुढे चित्रकला, हस्तकला, वेशभूषा, खेळ व चित्रपटांत पसरलेली कल्पनाशैली आहे. वाफेचे इंजिन कधी मागे पडलेच नाही, असे धरून चालायचे आणि मग जग कसे दिसले असते ते रंगवायचे, एवढाच तिचा पाया. तिच्या जगात पितळी नळ्या, दाब दाखवणारे काटे, रिव्हेट मारलेले पत्रे, चामड्याचे पट्टे, हवेत तरंगणारी जहाजे आणि दातेरी चाकांवर हिशेब करणारी यंत्रे असतात. काळ बहुधा राणी व्हिक्टोरियाचा (१८३७–१९०१) आणि गाव बहुधा लंडन. ही शैली आपल्याकडची पोरे मोबाइलवरच्या खेळांतून आणि जपानी अॅनिमेशनमधून ओळखतात. तिला काही नाव आहे हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसते. तरीही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या शैलीला लागणारा कच्चा माल भरपूर आहे. तो उचलून कोणी फारसे काही केलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

हे नाव अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी विज्ञानकथेच्या ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या आणि १९८७ मध्ये छापून आलेल्या पत्रात थट्टेच्या सुरात सुचवले. ते स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे कॅलिफोर्नियातले मित्र तेव्हा व्हिक्टोरियन वळणाच्या अद्भुत कथा लिहीत होते. १९९० मध्ये विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची कादंबरी आली. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजचे गणकयंत्र त्याच्या हयातीतच यशस्वी झाले, तर काय झाले असते हा तिचा विषय. प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारने १८४२ मध्ये बॅबेजच्या यंत्राचा नाद सोडला. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये यंत्र बांधले, तेव्हा ते बिनचूक चालले. स्टीमपंकची सगळी ओढ या दोन तारखांमधल्या दीडशे वर्षांत आहे : जमले असते, पण जमू दिले गेले नाही.

कागदावरून ही शैली हातात आली ती २००० नंतर. संगणकाच्या कळफलकाला जुन्या टंकलेखन यंत्राच्या गोल कळा बसवायच्या, पडद्याभोवती पितळी चौकट घालायची, घड्याळाची चाके उघडी ठेवायची, असे छंदिष्टांचे काम गाजू लागले. ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने २००९ मध्ये अशा वस्तूंचे प्रदर्शन भरवले. न्यूझीलंडमधल्या ओआमारू या लहान गावाने तर ही शैली आपली ओळख म्हणूनच स्वीकारली. पॅरिसच्या भुयारी रेल्वेचे एक स्थानक १९९४ मध्ये आतून पूर्ण तांब्याचा पत्रा लावून पाणबुडीसारखे केले आहे. फ्रान्समधल्या नांत शहरात २००७ पासून लाकूड आणि पोलादाचा सुमारे १२ मीटर उंचीचा हत्ती पाठीवर पन्नासेक माणसे घेऊन चालतो आणि सोंडेतून पाण्याचे फवारे उडवतो. हा हत्ती वाफेवर मात्र चालत नाही. त्याचे पाय तेलाच्या दाबावर हलतात. या शैलीतल्या बहुतेक वस्तूंची गोष्ट अशीच आहे. वाफ दिसते, ती धूर सोडणाऱ्या यंत्रातून. चाके फिरतात, ती बॅटरीवर.

हिंदुस्थानचा धागा

नांत हे फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचे जन्मगाव, आणि स्टीमपंकची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन थांबते. व्हर्नचा कॅप्टन निमो हा पाणबुडीत राहणारा गूढ माणूस मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढून हरलेला. हा उलगडा १८७५ च्या कादंबरीत होतो. त्याची पाणबुडीही विजेवर चालते, वाफेवर नव्हे. १८८० मध्ये व्हर्नने पुन्हा हिंदुस्थानावर लिहिले. या वेळी वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन फिरते बंगले ओढत कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतो. त्या कथेत खलनायक आहेत नानासाहेब पेशवे! मराठी वाचकाला तिथे ठेच लागते, आणि लागावीच. ज्या यंत्राच्या वैभवावर ही शैली भाळते, ते यंत्र त्या काळी कोणाच्या हाती होते आणि कोणावर चालत होते, हा प्रश्न पोलादी हत्तीच्या धुरात लपत नाही. पाश्चात्त्य समीक्षकांनीही स्टीमपंकवर साम्राज्याच्या गोड आठवणी काढण्याचा आरोप केला आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे.

साताऱ्याकडे या आरोपाचे तयार उत्तर आहे आणि त्यासाठी कल्पनाशक्तीही फार ताणावी लागत नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच तळ ठोकून राहिले. कंपनीच्या भागधारकांसमोर, पार्लमेंटच्या सभासदांसमोर ते साताऱ्याची कैफियत मांडत होते. तेव्हा त्याच शहरात बॅबेजचे यंत्र अर्धवट पडले होते. त्याच शहरात १८५१ चे ते अवाढव्य यंत्रप्रदर्शन काचेच्या महालात भरले. मधल्या काळात, १८४७ मध्ये, प्रतापसिंह महाराज काशीत वारले आणि १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला. ज्या गादीसाठी वकील भांडत होता ती गादीच उरली नाही. रंगो बापूजी परतले आणि १८५७ च्या कटात सामील झाले. साताऱ्यात गेंडामाळावर त्यांच्या मुलासह अनेकांना देहदंड झाला, पण रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. पुढे त्यांचे काय झाले याचा पत्ता नाही. निमोची गोष्ट व्हर्नने रचली. ही घडलेली आहे.

आणखी एक तारीख अशीच आहे. १८४३ मध्ये इंग्रज गणिती एडा लव्हलेस हिने बॅबेजच्या पुढच्या यंत्रावर टिपणे छापली. त्यांतल्या एका टिपणाला जगातली पहिली संगणक-आज्ञावली म्हणण्याचा प्रघात आहे. यंत्र आकड्यांपलीकडे जाऊन संगीतही रचू शकेल, असे तिने त्यांत लिहिले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत, तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. भावे नुसते नाटककार नव्हते. त्यांनी लाकडी, सांध्यांत हलणाऱ्या, दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुल्या केल्या होत्या. पुढे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. लंडनमध्ये विचार करणाऱ्या यंत्राची कल्पना आणि सांगलीत दोऱ्यांवर वठवलेले रामायण ही दोन कामे एकाच सालची आहेत. दोघांची गाठ घालणारी कादंबरी मराठीत कोणी लिहिली तर तिला उसन्या लंडनची गरज पडणार नाही.

कारखान्यांचे माळ

इथे यंत्रयुग वाफेच्या भोंग्यासह आले ते मुख्यतः रेल्वेतून. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदींचे रूळ होते. पंढरपूर-मिरज हा नॅरोगेजचा टप्पा १९२७ मध्ये झाला, तो बार्शी लाइट रेल्वेचा भाग. रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. ही रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवले. वारकऱ्यांची छोटी गाडी आणि विमानातून उडी मारायची छत्री, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली. अशा माणसाला स्टीमपंकमध्ये वेगळे पात्र म्हणून रचावे लागत नाही.

रेल्वे सोडली तर इथले यंत्रयुग बैलाच्या खांद्यावरून आणि बिडाच्या ओतकामातून आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे बेळगावात लोखंडी नांगर झाला. १९१० मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत काढण्यात लक्ष्मणरावांची बरीच वर्षे गेली. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून काचेचा कारखाना चालला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. साताऱ्यात कूपरांचा नांगरांचा आणि नंतर डिझेल इंजिनांचा कारखाना. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि औंधचे भवानी संग्रहालय त्यांनीच उभारले. एकाच राजाच्या आश्रयाने चित्रांचा संग्रह आणि नांगरांचा कारखाना वाढावा, हा योग स्टीमपंकच्या स्वभावाला जितका जुळतो तितके लंडनचे धुकेही क्वचितच जुळत असेल.

मिरजेच्या तंतुवाद्यांकडेही याच नजरेने पाहता येते. तलवारी आणि शस्त्रांना धार लावणारे शिकलगार राजवटी बदलल्यावर सतार-तंबोऱ्याच्या कामाकडे वळले. पंढरपूरकडचा वाळवलेला भोपळा, लाकडाची दांडी, खुंट्या, तारा, जवारी काढण्याची, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासण्याची, नाजूक घासाई, सगळे हातचे. या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्राचा कारागीर नादाचा कारागीर होतो, ही उलथापालथ एकोणिसाव्या शतकातलीच.

करायचे कसे

स्टीमपंकचा मुख्य नियम एकच : यंत्र उघडे ठेवायचे. काय कशाला ढकलते, कोणता दांडा कोणते चाक फिरवतो, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. गणेशोत्सवातले हलते देखावे करणारी मंडळे याच्या अगदी उलट वागतात. मोटारीच्या वायपरची मोटर, क्रँक, सायकलची चेन, पुली आणि पट्टा यांवर राक्षसाचा हात हलतो; पण हे सगळे पडद्यामागे दडवलेले असते आणि पुढे नुसता थर्मोकोलचा डोंगर दिसतो. पडदा काढला तर मागची बाजू पुढच्या बाजूहून देखणी निघते, असे अनेक मंडपांत आढळते. तीच बाजू पुढे आणली की अर्धे स्टीमपंक झालेच. रसवंतीगृहाच्या चरकाने ते केव्हाच साधले आहे : बिडाचे दातेरी रूळ डोळ्यांसमोर फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला घुंगरे वाजतात.

सामानासाठी कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपासचे भंगारवाले पुरेसे आहेत. बाद झालेले गिअर, बॉल बेअरिंग, बंद पडलेले प्रेशर गेज किलोच्या भावाने मिळतात. पितळ महाग पडते म्हणून लोखंडी नळीवर पितळी रंग मारण्याचा मोह होतो. तो जवळून लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा घरात पडून असलेली जुनी घागर, तपेले, बंबाचा नळ कापून वापरलेला बरा. पाणी तापवायचा तांब्याचा बंब तर मधल्या नळीसकट आणि खालच्या जाळीसकट तयार बॉयलरच आहे.

धातू जुना दिसायला त्यावर गंज आणि हिरवी-काळी झाक आणतात. आपल्या घरांत पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करण्याची सवय, त्यामुळे ही कृती उफराटी वाटते. कल्हईवाला वापरतो तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, मिठाच्या पाण्यात मिसळून तांब्याला लावला आणि दमट हवेत ठेवला की काही दिवसांत हिरवट थर धरतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात तर हे काम हवाच करते. कृती उघड्यावर करावी, हातमोजे घालावेत, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचे असल्यास मुलामा आधी घासून काढावा. त्याच्या धुराने ताप भरतो. खरी वाफ वापरण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. दाबाखालचा बंद डबा फुटतो तेव्हा तो शोभेचा आहे की कारखान्याचा, हे पाहत नाही.

वेशभूषेत गॉगल, उंच टोपी आणि कमरकसा हा पाश्चात्त्य साचा आपल्याकडे आयता उचलला जातो आणि फॅन्सी ड्रेससारखा दिसतो. धोतर, कोट आणि पुणेरी पगडी घालून लंडनच्या कचेरीत बसलेल्या वकिलाच्या हाती प्रभाकर कंदिलाच्या काचेचे दुर्बीणयंत्र दिले, तर काळाचा मेळ काटेकोर बसत नाही, कारण कंदील पाऊणशे वर्षांनी आला. पण काळाची अशी सरमिसळ या शैलीत चालते, किंबहुना तिच्यावरच ती उभी आहे. अट एवढीच की नळी कुठून कुठे जाते हे बनवणाऱ्याला माहीत असावे. नुसतीच चिकटवलेली चाके, जी कशालाच फिरवत नाहीत, ती या शैलीतले जाणते लोक पहिल्या नजरेत बाजूला काढतात. किर्लोस्करवाडीच्या किंवा कुपवाडच्या फिटरलाही ती तितक्याच लवकर खटकतील.