पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी: लोह कमी की थॅलेसेमिया मायनर?

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या खाली दिसलं, की घरात बीट-खजूर सुरू होतात आणि मेडिकलमधून 'रक्तवाढीच्या' गोळ्या येतात. थोडं थांबा. त्याच पानावर आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) आणि एमसीव्ही (त्या पेशींचा सरासरी आकार) या दोन ओळीही वाचा.

समजा, एका रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२.२, एमसीव्ही ६४, आरबीसी ६.१ आहे. दुसऱ्यात ९.८, ७० आणि ४.६. एमसीव्ही ८०च्या खाली म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान. त्या दोघांच्याही लहानच, म्हणून तर गफलत होते. पण पहिल्याकडे लहान पेशी भरपूर आहेत. एमसीव्हीला आरबीसीने भागलं तर साडेदहा येतात. उत्तर १३च्या खाली आलं की संशय थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या, हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या सौम्य दोषाचा. दुसऱ्याचं उत्तर १५च्या वर जातं, तिथे लोहाची कमतरता अधिक संभवते. हा अंदाजच, निदान पुढच्या तपासण्यांनी होतं.

लोहासाठी फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) बघतात. ते कमी आलं की साठा संपलाय हे नक्की. मात्र अंगात ताप किंवा सूज असेल तर ते खोटं वाढलेलं दिसू शकतं. आणि पुरुषाच्या बाबतीत खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो: लोह गेलं कुठे? पुरुषाला मासिक पाळी नाही, त्यामुळे पोटातून रक्त झिरपतंय का हे शोधावंच लागतं. मूळव्याध, जंत, वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला अल्सर, कधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर. पन्नाशीच्या माणसाला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं. गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि गाठ तशीच वाढत राहते.

थॅलेसेमिया मायनर जन्मापासूनच असतो. सहसा त्रास होत नाही, उपचारही लागत नाहीत. फेरिटिन कमी नसेल तर लोहाच्या गोळ्यांनी काही साधत नाही, उलट वर्षानुवर्षं घेतल्या तर लोह साठत जातं. निदान एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) तपासणीत होतं: हिमोग्लोबिन ए-टू साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर. लोहही कमी असेल तर हा आकडा खाली दबू शकतो, म्हणून आधी लोह भरून काढून तपासणी पुन्हा करतात.

सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत मायनरचं प्रमाण जास्त आहे, पण इतरांतही तो सापडतो. मायनर निघाला तर लग्नाआधी, निदान मूल होऊ देण्याआधी, जोडीदाराचीही एचपीएलसी करून घ्या. दोघंही मायनर असतील तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (वारंवार रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के असते.