प्रवासाची लस आणि कावीळ

आफ्रिकेतल्या अनेक देशांत उतरताना पासपोर्टसोबत पिवळं कार्ड दाखवावं लागतं. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस घेतल्याचा तो दाखला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत हेपटायटिससाठी, म्हणजे विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीसाठी, तसा दाखला नाही. त्यामुळे तिकीट, व्हिसा, विमा यांच्या गडबडीत ती लस राहूनच जाते. गंमत म्हणजे या दोन लसींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, आणि सुरुवात फार वाईट आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने परदेशी धाडायच्या सैनिकांना पीतज्वराची लस सरसकट टोचली. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातलं सीरम मिसळलेलं असे. १९४२मध्ये छावण्यांतून कावीळ पसरू लागली आणि सुमारे ५०,००० सैनिक रुग्णालयात गेले. ती कावीळ हेपटायटिस 'बी' विषाणूची होती, हे जुन्या सैनिकांचं रक्त तपासून १९८७मध्ये सिद्ध झालं. लागण झालेल्यांचा अंदाज तर तीन लाखांच्या वर गेला. इशारा मात्र आधीच मिळाला होता. ब्रिटनमध्ये फिंडले आणि मॅक्कलम यांनी १९३७मध्येच पीतज्वराच्या लसीनंतर होणारी कावीळ नोंदवली होती. ब्रेमेनच्या गोदीतल्या कामगारांना देवीची लस टोचल्यावर कावीळ झाल्याची नोंद तर १८८५ची आहे.

याच मॅक्कलम यांनी १९४७मध्ये हेपटायटिसच्या दोन प्रकारांना 'ए' आणि 'बी' ही नावं सुचवली. ए दूषित अन्नपाण्यातून येते, बी रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला.

'ए'वर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं प्रवाशांसाठी एकच उपाय होता: गॅमा ग्लोब्युलिन. दुसऱ्याच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं कुल्ल्यात टोचायची आणि निघायचं. संरक्षण जेमतेम काही महिने, पुढच्या खेपेला पुन्हा सुई. १९७३मध्ये 'ए'चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. लस युरोपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, अमेरिकेत १९९५ला. बीची पहिली लस १९८१ची, आणि तीही बाधितांच्याच रक्तद्रवातून शुद्ध करून काढलेली! एड्सच्या त्या काळात ती घ्यायला लोक कचरले नसते तरच नवल. १९८६मध्ये यीस्टमध्ये तयार केलेली लस आली आणि ती भीती गेली.

'ई' या आणखी एका प्रकाराची गोष्ट आपल्या घरची. १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि दिल्लीत सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती 'ए'च धरली. पण पुण्याच्या विषाणू संस्थेतले संशोधक आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी जपून ठेवलेले जुने नमुने तपासले आणि १९८०मध्ये सांगितलं, ही ए नाही, बीही नाही. मग हा विषाणू कोणता? सोव्हिएत शास्त्रज्ञ बलायन यांनी १९८३मध्ये अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचं गाळलेलं द्रावण स्वतः प्यायलं, आजारी पडले आणि नवा विषाणू स्वतःच्याच विष्ठेत शोधून काढला. हेपटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. चीनने तिच्यावरची लस २०११मध्ये मंजूर केली, पण बहुतेक देशांत ती मिळत नाही. तिथे भिस्त उकळलेल्या पाण्यावरच.

आता धोका कोणाला? प्रवासवैद्यकात खास लक्ष असतं ते नातेवाइकांना भेटायला मायदेशी येणाऱ्यांवर. आपल्या मागच्या पिढीला ए लहानपणीच होऊन जायची, बऱ्याचदा कळायचीही नाही, आणि मग जन्मभर पुन्हा व्हायची नाही. लंडनमध्ये वाढलेल्या नातवाचं तसं नाही. ब्रिटनच्या नेहमीच्या बाळलसीकरणात ए नाही. बीसुद्धा २०१७मध्ये आली. आई-बाबा मात्र "अरे, आपलंच तर घर आहे" म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. हॉटेलात उतरणारा पर्यटक त्या मानाने जास्त सावध. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत गाळलेल्या पाण्यावर वाढलेली मुलंही आता त्याच रांगेत आहेत, आणि मोठेपणी झालेली ए जास्त त्रास देते.

'ए'च्या लसीचा पहिला डोस निघायच्या आठवड्यात घेतला तरी उपयोगी पडतो, दुसरा सहा महिन्यांनी. 'बी'च्या लसीचे डोस पुरे व्हायला एरवी सहा महिने लागतात. घाई असेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी डोस देतात आणि वर्षाने चौथा. 'ए'ची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस जातात. म्हणजे आजोळच्या अंगणात प्यायलेल्या उसाच्या रसाचा हिशेब लंडनची शाळा सुरू झाल्यावर लागतो, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा लागतो: सुट्टीत कुठे गेला होतात?