लोहन्यूनता (कोकणातील तरुणींमधील)

शरीरातील लोहाचा साठा आटत जाऊन शेवटी रक्तातील हिमोग्लोबिन घटते, त्याला लोहन्यूनताजन्य रक्तक्षय म्हणतात. गरोदर नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत तो आढळला. यातला सगळाच लोहाअभावी नसतो, तरी मोठा वाटा त्याचाच मानला जातो.

रोज मासे खाणाऱ्या मुलखात रक्त कमी कसे, असा प्रश्न साहजिक पडतो. उत्तर माशाच्या जातीत आहे. बांगडा, पापलेट, बोंबील यांत प्रथिने भरपूर, लोह मात्र बेताचेच. लोह खरे असते तिसऱ्या-कालवांत (खाण्याच्या शिंपल्यांत), पण ती ओहोटीला मिळणार आणि रोज कोणाच्या ताटात येणार? त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, पाठोपाठ अनेक घरांत श्रावण. मग उरतो भात, कुळथाची पिठी आणि श्रावण लागेपर्यंत जोडीला सुकट. सडीक (कोंडा काढलेल्या) तांदळात लोह नगण्य. कुळीथ-नाचणीत आहे, पण फायटेट या धान्यातल्याच, लोह अडवणाऱ्या घटकामुळे त्यातले थोडेच अंगी लागते, आणि भाकरीवर लगेच चहा घेतला की त्याहून कमी. आमसूल, लिंबू, कैरी अशी आंबट जोड असली तर शोषण सुधारते. जेवणानंतर चहाऐवजी सोलकढी घेणे या दृष्टीने शहाणपणाचेच.

शरीरातून लोह खर्च होण्याची बाजूही मोठी आहे. १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेले तर १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. ज्यांना जास्त जाते त्यांचे दुप्पट. हे ‘जास्त’ घरात बोलले जात नाही, म्हणून वर्षानुवर्षे तपासलेही जात नाही. ओल्या मातीत अनवाणी वावरताना अंकुशकृमीच्या अळ्या तळपायातून शिरतात आणि पुढे आतड्यात रक्त शोषतात. लावणीचे दिवस म्हणूनच जोखमीचे.

घाटी चढताना धाप, भोवळ, केस गळणे ही ओळखीची लक्षणे. कच्चे तांदूळ, माती किंवा पाटीवरची पेन्सिल चघळावीशी वाटणे याला मात्र घरची माणसे खोड समजून ओरडतात. हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिनच्या (लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या) रक्तचाचणीत दिसतो (१५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली).

शाळा व अंगणवाडीतून किशोरींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. वर्षातून दोनदा जंताची गोळी. मळमळते म्हणून निळी गोळी दप्तरात राहते किंवा फेकली जाते. ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळे होणे अपायकारक नाही. रक्तक्षय झालाच असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही. डॉक्टर वेगळी मात्रा देतात आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने ती चालू ठेवतात. नेमाने गोळ्या घेऊनही महिनाभरात आकडा हलला नाही, तर थॅलेसेमियाची वाहकता आणि पालघरकडील आदिवासी मुलींत सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक दोष तपासावे लागतात.