दवाखान्यांच्या मनुष्यबळावर सभागृहाची देखरेख (पुणे)

सरकारी दवाखान्यात आणि प्रसूतिगृहात डॉक्टर किती, सिस्टर किती, रात्री भूलतज्ज्ञ असतो की नाही, मावश्या आणि वॉर्डबॉय पुरतात का, हे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी सरकारला विचारायचं आणि सरकारनं त्याचं उत्तर द्यायचं, या सगळ्या व्यवहाराला ही देखरेख म्हणतात. ती दिल्लीत संसदेत चालते, मुंबई-नागपूरला विधिमंडळात चालते आणि पुण्यात महापालिकेच्या मुख्यसभेत चालते, आणि मुळात कुठला प्रश्न कुठं विचारायचा हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, तिथूनच सुरुवात करावी लागते.

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यांचे मालक वेगवेगळे आहेत. ससून १८६७ चं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, ते बी. जे. मेडिकलला जोडलेलं म्हणून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, म्हणजे खातंही वेगळं आणि मंत्रीही बहुतेक वेळा वेगळा. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, भवानी पेठेतलं सोनवणे प्रसूतिगृह, येरवड्याचं राजीव गांधी हे पुणे महापालिकेचे, पिंपरीचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण रुग्णालय) पलीकडच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचं, गावाकडची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. आणि कॅम्पातलं सरदार पटेल रुग्णालय कॅन्टोन्मेंट बोर्डाचं, त्यामुळे तिथल्या सिस्टरांबद्दल कोणाला सभागृहात विचारायचं असेल तर तो प्रश्न थेट लोकसभेत, तोही संरक्षण मंत्र्यांना! कळा सुरू झालेल्या बाईला यातलं काहीच माहीत नसतं आणि असायचं कारणही नाही, तिला एका ठिकाणी डॉक्टर नाही म्हणून दुसरीकडे पाठवतात, ॲम्ब्युलन्स पूल ओलांडून जाते, पण पहिल्या ठिकाणी डॉक्टर का नव्हता हा प्रश्न तिच्याबरोबर जात नाही, कारण दुसऱ्या दवाखान्याचं खातं वेगळं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे पुण्याच्या खासदारानं लोकसभेत ससूनच्या रिक्त पदांवर विचारलं तर 'हा राज्याचा विषय आहे' एवढंच उत्तर येण्याची शक्यता जास्त. मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्राकडून येतो, जननी सुरक्षा योजना (२००५), जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११), लेबर रूमची गुणवत्ता सुधारायचा लक्ष्य कार्यक्रम (२०१७) हे सगळं केंद्राचं, मग त्या वाटेनं विचारता येतं. शिवाय आरोग्याची संसदीय स्थायी समिती आहे, ३१ सदस्यांची, राज्यसभेच्या अखत्यारीतली, तिथे सचिवांना बोलावून शांतपणे बसून विचारतात. प्रश्नोत्तराच्या तासाच्या गोंधळापेक्षा मला ही जागा जास्त कामाची वाटते.

खरं काम विधिमंडळात. तिथे तारांकित प्रश्न असतो (तोंडी उत्तर, वर उपप्रश्नही विचारता येतात), अतारांकित असतो (फक्त लेखी उत्तर), लक्षवेधी असते (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा असते, बजेटला कपात सूचना असते (खात्याची रक्कम कापा म्हणत त्याला जाब विचारायचा). मंत्र्यांनी 'करू' म्हटलं की ते आश्वासन होतं आणि आश्वासन समिती त्याच्या मागे लागू शकते. छापील यादीत प्रश्नाची भाषा ठरलेली असते, अमुक रुग्णालयात परिचारिकांची पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. आणि उत्तरंही ठरलेली, 'हे अंशतः खरे आहे', मग 'कार्यवाही सुरू आहे', आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'. अंशतः म्हणजे नक्की किती, ते उपप्रश्न विचारणाऱ्या आमदाराची तयारी असेल तरच बाहेर येतं, नाहीतर पान उलटतं.

आता मुख्य गोष्ट. सभागृहात विचारलं जातं मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. या तीन आकड्यांवर सगळी चर्चा चालते. पण वॉर्डात काय होतं ते यातल्या एकाही आकड्यात दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष बघा, शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डला ३ खाटांमागे १ सिस्टर. ऐकायला छान वाटतं. पण दिवसाच्या पाळ्या ३, म्हणजे प्रत्यक्षात एका पाळीला ९ खाटांमागे १, आणि सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाची रजा यासाठी ३० टक्के जादा धरायचे. ३० खाटांच्या वॉर्डाला १० अधिक ३ अशा १३ सिस्टर लागतात तेव्हा कुठे प्रत्येक पाळीत तिघी दिसतात. त्या १३ पैकी ४ जागा रिकाम्या, एक प्रतिनियुक्तीवर (म्हणजे तात्पुरती दुसरीकडे कामाला), एक बाळंतपणाच्या रजेवर असली की उरल्या ७, त्यांच्यातूनही साप्ताहिक सुट्टी काढा, रात्री एकटीच उरते. आणि कागदावर मात्र १३ पैकी ९ पदं भरलेली, म्हणजे जवळजवळ ७० टक्के, बरं वाटतं वाचायला.

प्रसूतीच्या वॉर्डात हे सगळ्यात वाईट पद्धतीनं अंगावर येतं कारण बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलता येते, कळा ढकलता येत नाहीत. एका टेबलावरच्या बाईला रक्तस्राव सुरू झाला आणि त्याच वेळी दुसरीचं बाळ रडलं नाही तर एकटी सिस्टर काय करणार, तिला दोनच हात आहेत. माझी आत्या बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात लेबर रूमला होती, ती सांगायची की नाईटला दोघी असलो की चहा तरी होतो, एकटी असले की पहाटेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं लक्षात राहत नाही. आणि खाटांच्या हिशोबात आणखी एक घोळ, आईची खाट मोजली जाते, शेजारी झोपलेलं बाळ बहुतेक वेळा मोजलंच जात नाही, म्हणजे सिस्टरच्या अंगावर प्रत्यक्षात दुप्पट जीव.

पदं रिकामी का राहतात याची कारणं सभागृहात दरवेळी तुकड्या-तुकड्यात येतात. आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं याचा मंजूर तक्ता, जुना असतो, शहर वाढतं, खाटा वाढतात, पदं तीच. मंजूर पदंच कमी असली तर 'एकही पद रिक्त नाही' हे उत्तर खरं असूनही वॉर्डात माणूस नसतो. भरतीचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या क आणि ड गटाच्या परीक्षा झाल्या, पेपर फुटला, तपास पुण्याच्याच सायबर पोलिसांनी केला आणि शेवटी ती भरती रद्द झाली, तोपर्यंत अभ्यास केलेल्या पोरांचं एक वर्ष गेलं आणि वॉर्डातल्या जागा तशाच राहिल्या. मग जागा कंत्राटी भरतात, ११ महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि उत्तर देताना ती पदं भरलेली म्हणून दाखवायची सोय होते. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून संप केला होता तो याच कारणासाठी.

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल हे देखरेखीचं दुसरं हत्यार. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला, त्यात मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टरांची सुमारे २७ टक्के आणि परिचारिकांची सुमारे ३५ टक्के कमतरता दाखवली होती. हा अहवाल पुढे आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो, तिथे खात्याचे सचिव साक्ष देतात. पण यात वर्षं जातात. चर्चा जोरात होते ती दुर्घटना झाल्यावरच. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, चौकशी झाली, त्यात कंत्राटी सिस्टरांनाही कामावरून काढलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला रिक्त पदांचं विचारलं. हे काम आधी सभागृहानं करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

बाहेरचं एक उदाहरण इथे उपयोगाचं आहे. इंग्लंडमध्ये संसदेच्या आरोग्य समितीनं २०२१ मध्ये प्रसूती सेवेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला आणि सुईणी व डॉक्टर वाढवायला वर्षाला किमान २० कोटी पौंड जादा द्या असा थेट आकडा सांगितला. वेल्सनं २०१६ मध्ये परिचारिकांच्या संख्येचा कायदाच केला. आपल्याकडे निकष आहेत पण ते पाळले नाहीत म्हणून कोणी जबाबदार धरलं जात नाही.

पुणे महापालिकेत हाच प्रश्न नगरसेवकानं मुख्यसभेत विचारायचा असतो. कायद्यानं दवाखाने चालवणं हे महापालिकेचं काम आहे, महिला व बालकल्याण समिती आहे, स्थायी समितीत भरतीचे आणि कंत्राटाचे विषय येतात. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त प्रशासकच कारभार बघत होते, म्हणजे पालिकेच्या प्रसूतिगृहात रात्री किती जणी आहेत हे विचारायला सभागृहच नव्हतं. नेमक्या त्याच काळात पालिकेनं स्वतःचं मेडिकल कॉलेज चालवायला घेतलं होतं, तिथे प्राध्यापक डॉक्टरांची गरज वेगळीच.

पुणे जिल्ह्यात याला जोडून एक गोष्ट झालेली आहे, आरोग्य सेवांवरची लोकाधारित देखरेख. २००७ च्या सुमारास राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यात पुणे होतं, आणि पुण्यातल्याच साथी संस्थेनं राज्यभरात समन्वय केला. जनसुनवाईत गावातली माणसं आणि अधिकारी एकाच मांडवात समोरासमोर बसायचे आणि उपकेंद्रात एएनएम (गावपातळीवरची नर्स) राहते का, डॉक्टर रात्री असतो का, हे ज्यांना उपकेंद्राच्या दारातून परत जावं लागलं होतं त्याच बायका उठून विचारायच्या.